भरल्या घरात 'साकू' म्हणायला शिकायचं कसं

आमच्या बेळगाव-खानापूरकडं पंगतीत एक गंमत असते. वाढपी भाताची बुट्टी घेऊन आला की आपण "पुरे, पुरे" म्हणतो आणि तो तरीही एक डाव वाढतोच, कारण पुरे हे लाजून म्हणायचं असतं हे त्यालाही माहीत असतं. पण पानावर आडवा हात धरून "साकू!" म्हटलं की गपगुमान पुढं जातो. साकू म्हणजे कानडीत पुरेच, पण मराठी घरातसुद्धा खरोखर पोट भरल्यावर तोंडातून हाच शब्द येतो.

मला हा शब्द पानावर म्हणता येतो, बाकी कुठंच येत नव्हता. वडील उद्यमबागला एका फौंड्रीत मोल्डर होते, आम्ही सहा जण दोन खोल्यांत. नंतर माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप झालं, आजोबांच्या जमिनीतला निम्मा तुकडा लेआउटवाल्याला गेला, पोरगा बेंगळूरला कंपनीत लागला, आणि आता तीन बेडरूमच्या घरात आम्ही दोघं नवराबायको. देवाची कृपा म्हणायची, आणि म्हणतोही. पण दोन खोल्यांत असताना आई रोज रात्री नाव घेऊन मागायची, उद्याचं रॉकेल, शाळेची फी, दादाचा ताप. आता मी काय मागतो? "प्रभू, सगळं नीट असू दे." बस. मागण्यासारखं काही उरलंच नाही, आणि तरी झोप मात्र आईपेक्षा कमी.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लोक उभे राहून देवाच्या अनुभवाच्या साक्षी देतात त्या सगळ्या अडचणीतल्या असतात, पैसे नव्हते आणि देवाने पुरवले. पैसे आहेत आणि देव विसरला जातोय अशी साक्ष द्यायला कोण उभा राहणार, लोक म्हणतील मिरवतोय. म्हणून हे लिहितोय. गेली चारपाच वर्षं आम्ही घरात जे करून बघितलं ते क्रमाने सांगतो. ज्यांचे ईएमआय ओढताना नाकी नऊ येतायत त्यांच्यासाठी हे नाही, त्यांना संतोषाचं प्रवचन देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक गैरसमज काढा

बायबलात प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन, मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो, हे आमच्याकडं गाड्यांच्या काचेवर असतं, मी माझ्या पहिल्या कारवर लावलं होतं. त्याच्या आधीचं बारावं वचन मात्र कुणी चिकटवत नाही. तिथं पौल म्हणतो की मला तृप्त राहायचं आणि भुकेलं राहायचं, विपुलतेत राहायचं आणि टंचाईत राहायचं, दोन्हीचं रहस्य मी शिकलोय. शिकलोय, हा शब्द बघा. म्हणजे ते आपोआप येत नाही, आणि भरपूर असताना कसं राहायचं हेसुद्धा त्याला शिकावं लागलं. आणखी एक, हे तो कैदेतून लिहितोय आणि फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीताच्या हाती जी देणगी पाठवली तिची पोच देताना लिहितोय. देणगी नको म्हणत नाही, आनंदाने घेतो, फक्त तिच्यावर टेकून बसत नाही.

तर पैसा पाप आहे असं डोक्यात असेल तर ते काढा. तसंच ज्याच्याकडं जास्त त्याच्यावर देव जास्त खूश, हेही काढा, मग ते स्टेजवरून कुणी कितीही मोठ्या आवाजात सांगू दे. बायबलातला ईयोब श्रीमंत होता तेव्हाही नीतिमान होता आणि राखेत बसला तेव्हाही.

एक शनिवार घर मोजा

खरोखर मोजा. आम्ही एका शनिवारी वही घेऊन बसलो, बायको कपाटं उघडत गेली आणि मी लिहीत गेलो. प्लास्टिकसुद्धा न फाडलेल्या बेडशीट अकरा. मिक्सर तीन, त्यातला एक नातेवाइकाच्या लग्नात द्यायला आणला होता आणि ते लग्न होऊन त्यांचं पोर आता शाळेत जातंय. स्टीलचे डबे मोजायचं सोडून दिलं.

प्रत्येक वस्तूपुढं तीनपैकी एक अक्षर लिहायचं. वापरात असेल तर वा. कुणाची आठवण म्हणून ठेवली असेल तर आ. आणि "असू दे, लागली तर" म्हणून ठेवली असेल तर भी. भी म्हणजे भीती. सुरुवातीला मला वाटलं जरा जास्तच होतंय, बेडशीटमध्ये कसली भीती, पण हिनं बरोबर पकडलं. ती म्हणाली, "अवो, आमच्या आईकडं पाहुणे आले की शेजारनं चादर मागून आणायला लागायची, तेव्हाच ठरवलं होतं आपल्या घरात कमी पडू द्यायचं नाही." अकरा बेडशीट म्हणजे ती मागून आणलेली एक चादर होती. तिला मी काय बोलणार.

हा भी चा कॉलम लगेच रिकामा करायला जाऊ नका. नुसता वाचा आणि प्रार्थनेत ठेवा, की देवा इथं मी तुझ्याऐवजी ह्याच्यावर टेकलोय. महिनाभराने त्यातलं निम्मं आपोआप हातातून सुटतं. आमच्या नऊ बेडशीट वृद्धाश्रमात गेल्या.

मान्ना आणि आमचा डीप फ्रीझर

आता विश्वासाचं. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर इकडच्या कुणाला सांगायला नको. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठची गावं पाण्यात आणि शहरातही सखल भागांत घरात पाणी. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण चार दिवस लाईट नव्हती. आणि आमच्याकडं तेव्हा नवा कोरा डीप फ्रीझर होता, मटण, कारवारहून आणलेले बांगडे, सोललेला मटार, काय काय ठासून भरलेलं. पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर वास जिन्यापर्यंत गेला, बांगड्यांत किडे वळवळत होते, आणि ही नाकाला पदर लावून म्हणाली, "मान्ना झाला बघा."

बायबलात निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात हेच आहे. मान्ना म्हणजे रानात देव इस्राएल लोकांना रोज द्यायचा ते अन्न. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, रोज गोळा करायचं. ज्यांनी उद्यासाठी लपवून ठेवला त्याला किडे पडून घाण सुटली. पण शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी देवाने दुप्पट घ्यायला सांगितलं होतं, आणि तो मात्र नासला नाही. म्हणजे साठवणं वाईट नाही. योसेफानं तर मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा काढून कोठारं भरली. लूकच्या बाराव्या अध्यायातला मूर्ख शेतकरीही कोठारंच बांधणार होता. फरक काय? योसेफाचं कोठार दुष्काळात लोकांसाठी उघडलं. ह्याच्या बोलण्यात सगळं माझं पीक, माझी कोठारं, माझ्या जिवा आता आराम कर. त्याच रात्री गेला.

त्यामुळं सेव्हिंग करा, इन्शुरन्स काढा, घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला ठेवा, हे अविश्वासाचं लक्षण मुळीच नाही. फक्त प्रत्येक ठेवीला विचारायचं, ही कुणासाठी आणि कशासाठी. "अशीच, असू दे" हे उत्तर आलं की तो डीप फ्रीझर समजायचा.

रोजचा सराव म्हणून आम्ही एकच गोष्ट धरली. आपल्या मराठीत प्रभूच्या प्रार्थनेत भाकर आहे, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. इकडं आमच्या ताटात जोंधळ्याची भाकरी असतेच, त्यामुळं हे वाक्य म्हणताना थांबायला सोपं जातं. जेवायच्या आधी ते एवढंच म्हणायचं, आणि भाकरी हातात घेऊन ही आज कुठून कुठून आली त्यातलं एक नाव घ्यायचं. कधी सौंदत्तीकडचा जोंधळा पिकवणारा, कधी गिरणीवाला, कधी भाकरी थापणारी मावशी. दोन मिनिटं लागत नाहीत. फ्रिज गच्च भरलेला असताना "आज दे" म्हणणं पहिले काही दिवस नाटकी वाटतं, चालू ठेवा.

रात्री तीनला जाग आली की काय करता तेही बघा. मी बँकेचं ॲप उघडून बॅलन्स बघायचो. गरज काही नाही, नुसता बघायचो, जसं लहान पोर झोपेत आईचा पदर चाचपतं तसं. १ तीमथ्य ६:१७ मध्ये श्रीमंतांना सांगितलंय की चंचल धनावर आशा ठेवू नका, आणि मी रात्री तीनला त्याच धनाचा पदर चाचपत होतो. आता फोन हॉलमध्ये चार्जिंगला असतो.

साकूची रेघ आकड्यात ओढा

हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं. मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा, यूपीआयमुळं आता दहा रुपयांचा चहासुद्धा त्यात सापडतो. घर, औषध, प्रवास, शिक्षण, देणं, आणि उगाचच, असे कप्पे करा. मग दोघांनी बसून ठरवायचं की महिन्याला इतके रुपये म्हणजे आपल्याला साकू. एक आकडा, वहीच्या पहिल्या पानावर, तारखेसकट. कंजूषपणे नको, पाहुणेरावळे, औषधपाणी, वर्षातनं एक प्रवास सगळं धरून. महागाईप्रमाणं वर्षातनं एकदाच वाढवायचा, तेही जानेवारीत. मधे पगार वाढला, ऑर्डर मोठी मिळाली, जमिनीचे पैसे आले, तरी आकडा हलवायचा नाही.

ही आयडिया माझी नाही. आमची मंडळी मेथडिस्ट, आणि हा पंथ सुरू करणारे जॉन वेस्ली, १७०३ ते १७९१, यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका मेथडिस्ट तरुणाचा हिशोब सांगितलाय, लोक समजतात तो ते स्वतःच. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड, २८ मध्ये भागवलं, २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, खर्च २८, दिले ३२. मग ९०, दिले ६२. चौथ्या वर्षी १२०, खर्च तोच २८, दिले ९२. आता वेस्लींना स्वतःची मुलं नव्हती आणि बेंगळूरचं घरभाडं भरायचं नव्हतं, त्यामुळं त्यांच्यासारखं जमेल असं मी म्हणत नाही, मलाही जमलेलं नाही. पण मिळकत वाढली की खर्चानं तिच्यामागं पळायचं नाही, हे मात्र जमतं. रेघ नसली की काय होतं, पूर्वी आमच्या घरात महिन्याला कमी पडायचंच, पगार कितीही असो, कारण पुरे कुठं म्हणायचं हेच ठरलेलं नव्हतं.

सरवा सोडा

लहानपणी सुट्टीत गावी गेलो की शेंगांचा आणि रताळ्यांचा सरवा करायला जायचो. मालकानं पीक काढून नेलं की मागं मातीत जे राहिलं ते ज्याला मिळेल त्याचं. खुरपं घेऊन उकरायचं, चड्डीच्या खिशात शेंगा. मराठी बायबलात रूथ बवाजाच्या शेतात जे वेचते तोही सरवाच. मोशेच्या नियमात, लेवीय १९ मध्ये, शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या असं सांगितलंय. दशमांश वेगळा आणि हे वेगळं. दशमांश आपण मोजून देतो, पाकीट टाकतो, नावाची पावती घेतो. सरवा नुसता सोडायचा असतो, कोण वेचतंय हे बघायचंही नाही.

आपल्याकडं शेत नसलं तरी कोपरे असतात. आम्ही सोडलेले काही सांगतो. भाजीवालीशी पाच-दहा रुपयांची घासाघीस बंद, कांदा मार्केटात नाही, गल्लीत टोपली घेऊन येणारीशी. घरकाम करणाऱ्या मावशींना पगारी सुट्टी आणि डिसेंबरात एक जादा पगार, उपकार म्हणून नाही, ठरलेलं म्हणून. वर्कशॉपमध्ये शिकाऊ पोराला चार वाजता सोडायचं जेणेकरून आयटीआयचा अभ्यास होईल. उसने दिलेले पैसे वर्षभर मागायचे नाहीत, हे मला फार जड गेलं, दोघांनी बुडवलेच, ते सरव्यात धरले.

आज्जी रोज भाताला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, महिन्याने तो डबा चर्चला. मिझोराममध्ये ख्रिस्ती बायका आजही अशीच मूठ काढतात. मी विचारायचो, आज्जे, आपल्यालाच कमी आहेत आणि तू काढून काय करूलालीस, तर म्हणायची, "काढल्यावरबी पुरतात की." आम्ही तो डबा परत सुरू केला, आमच्याच भागातल्या वासाच्या तांदळानं. मूठ काढताना हात नेहमी थोडा आखडतो. तो आखडणारा हात रोज एकदा दिसावा म्हणूनच डबा.

आणि देताना फोटो नको. मत्तय सहामध्ये डाव्या हाताला कळू नये म्हटलंय, व्हॉट्सॲप स्टेटसला तर नकोच नको.

खा की मजेत

संतोष म्हणजे तोंड पाडून बसणं नव्हे. त्याच १ तीमथ्य ६:१७ मध्ये पुढं आहे की देव आपल्याला उपभोगासाठी सगळं विपुल देतो. कुंदा आणला तर उपकार मानून खा, दुसरा घास घ्या, शेजारी एक वाटी द्या. अपराधी तोंडानं खाल्लेला कुंदा आणि विसरून खाल्लेला कुंदा दोन्ही वाया. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इशारा जेवण्याबद्दल नाही, जेवून तृप्त झाल्यावर विसरण्याबद्दल आहे.

वाटणी जिवंतपणी करा

इथं थोडा वेळ घेतो कारण आमच्या भागात भावाभावांची तोंडं बघणं बंद होतं ते जमिनीवरनंच. रिंगरोड येणार म्हटलं की वीस वर्षं न बोललेला चुलतभाऊ उतारा घेऊन दारात. मूर्ख शेतकऱ्याचा दाखला येशूनं कधी सांगितला बघा. गर्दीतला एक जण म्हणाला, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. त्यावर येशूनं वाटणी करून दिली नाही, लोभापासून जपा म्हणून ही गोष्ट सांगितली. ती गोष्ट आमच्या तालुक्यातल्या कोर्टाबाहेर सांगितल्यासारखी वाटते.

तर मृत्युपत्र करा. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल आणि मागं बायको-मुलं असतील तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांमध्ये सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. मृत्युपत्र करायचं तर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि ज्याला काही द्यायचंय त्याला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला साक्षीदार करू नका, त्यांना दिलेलं रद्द होतं. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण केलेलं बरं. वकिलाला दाखवा. आम्ही लिहिलं तेव्हा पोराला समोर बसवून वाचून दाखवलं, त्यात एक हिस्सा मंडळीतल्या मुलांच्या शिक्षणासाठी आहे हेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "पप्पा, बहिणीला सारखं आहे ना, मग बास." त्या रात्री मला जी झोप लागली ती एफडीच्या पावतीनं कधी लागली नव्हती.

चाळीस दिवस खरेदी बंद

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मटण सोडणारे बरेच असतात. आम्ही किराणा, औषध आणि भाजी सोडून सगळी खरेदी सोडतो. ऑनलाईन ॲप काढून टाकायचे, पाहिजे वाटलेली वस्तू वहीत लिहायची, ईस्टरनंतर वही वाचायची. गेल्या वर्षी चौदा गोष्टी लिहिल्या होत्या, ईस्टरला त्यातल्या दोन घेतल्या, तीन गोष्टी तर कशाला लिहिल्या तेच आठवेना. लग्नसराई मधे आली तर अडचण होते, तेव्हा आहेर आधीच घेऊन ठेवा.

आकडा एका माणसाला सांगा

शेवटचं. वहीतला आकडा नवराबायकोत राहिला तर दोघं मिळून तो गुपचूप वाढवतात, अनुभव आहे. पाळकसाहेबांना सांगायला संकोच वाटतो, म्हणून मी एका मित्राला सांगितलाय, तोही साधारण माझ्याच परिस्थितीतला, कॅथलिक आहे, कॅम्पात राहतो. महिन्यातल्या पहिल्या रविवारी आम्ही उपासना आटोपून आणि तो मिस्सा आटोपून एका चहाच्या गाड्यावर भेटतो, दोघांच्या वह्या बाकड्यावर. तो माझी बघतो, मी त्याची. त्याला घड्याळांचा नाद, मला गाड्यांचा.

मागच्या महिन्यात मी शोरूमला जाऊन नवी एसयूव्ही चालवून बघून आलो होतो, नुसती बघायला म्हणून, आणि टोकनचे पंचवीस हजार भरून आलो होतो. वहीत "इतर" म्हणून लिहिले होते. त्यानं बोट ठेवलं तिथं.

"हे कसलं गा?"

"गाडी बघूलालोय."

"आहे ती कितवी?"

"पाच वर्षं झाली तिला."

"बंद पडली काय?"

मी चहा प्यायलो. गाड्यावाला परत किटली घेऊन आला तर मित्रानं ग्लासावर आडवा हात धरला आणि माझ्याकडं बघत त्याला म्हणाला, "साकू रे." टोकन परत मिळतंय का ते उद्या फोन करून विचारणार आहे.